पाण्याकाठी राहिलेल्या चपला

रविवार, दिवेलागण

मामाजींचे पाय अजून मातीचेच आहेत. माझे सासरे धरणावरून अनवाणी घरी आले आणि भंडाऱ्याला पोचेपर्यंत ते आम्हा नवरा-बायकोच्या लक्षातही आलं नाही. कसं नाही आलं?

सुट्टी म्हणून गोसीखुर्दला फिरायला गेलो होतो. मामाजींचं गाव तिथेच पाण्याखाली गेलंय, पण ते कधी त्याचं नावही काढत नाहीत. मी भुट्टे घेत होते. वळून पाहते तर मामाजी गुडघाभर पाण्यात, हात जोडून. काठावर चपला, जोडीने नीट लावलेल्या. मी धावले. जाळं आवरत असलेल्या कोळ्याने त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

"घाबरू नका बाई," तो म्हणाला. "बुडालेल्या गावचे लोक येतेत इथं. देऊळ खाली आहे ना, म्हणून चपला काढून पाया पडतेत."

तेव्हा जीव भांड्यात पडला. पण चपला तिथेच राहिल्या.

हे म्हणतात, "वय झालं, विसरले असतील. तू कायले घाबरून राहिली?" असेलही. पण मग मागच्या आठवड्यात मामाजींनी मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली, ते काय होतं?

आत्ता चहा देताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मामाजी, उद्या नव्या चपला घेऊ."

"नव्या कायले? देवळाच्या दारात काढल्या ना. आरती झाली का घालून येतो."

मी उठून बाहेरच्या दाराला आतून कुलूप लावलं.