डिंकाचे लाडू आणि दुसरी अक्का

मृणाली,

झोप लागली होती म्हणून उठवलं नाही. मी पारोळ्याला आईकडे चाललेय, संध्याकाळच्या बसने येईन. दुपारी जळगावहून तुझी शलाका येईल. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे.

मुगाची खिचडी कुकरमध्ये आहे. डिंकाचे लाडू वरच्या फळीवर टाकलेत. आपल्या घरात जपलं ते फक्त बाळंतिणीला, म्हणून मला लाडूच करायचे सुचले. शलाका म्हणाली, लाडवांनी पोट साफ होणार नाही आणि टाके दुखतील. तिचा जन्मही तुझ्यासारखाच मुलगा म्हणून झालेला, ऑपरेशनही हेच. तिला कळणारच.

मी ड्रेसिंगला आले की तू भिंतीकडे तोंड करतेस. ती करते तेव्हा खिदळतेस. काल तिला अक्का म्हणालीस, ते मी स्वयंपाकघरात ऐकलं. म्हण बापडी. पण वेणी तिला घालू देऊ नकोस, मी आल्यावर घालीन.

आईने तुझी चौकशी केलीच, तर सगळं मीच करते असं सांगणार आहे. तिचा फोन आला तर मला खोटी पाडू नकोस.

तुझी थोरली अक्का