गाडी थांबवण्याचं कारण

प्रिय चंद्रप्पा अण्णा,

सप्रेम जय भीम. लातूरच्या दवाखान्यातून लिहून राहिले. घाबरू नका, ऑपरेशन झालं, आज सकाळी लघवीची नळी निघाली, अन् मी तांब्याभर पाणी एका दमात प्याले. तीन वर्षं तुमच्या गाडीवर कंडक्टर होते, पण ड्युटीवर असं पोटभर पाणी कधी प्याले नव्हते. शेजारच्या खाटेवरची नागुबाई म्हणते, "पाणी पिऊन कुणी असं हसतंय व्हय?" हसू नको तर काय करू!

फेब्रुवारीपासून काय चाललं होतं ते तुम्हाला न सांगताच कळलं होतं. दर अर्ध्या तासाला मला जावं लागायचं, अन् जाऊन आलं तरी मोकळं वाटायचं नाही. बाईमाणसानं मुखेड–लातूर रस्त्यावर हे सांगायचं कुणाला? एक दिवस जांबच्या पुढं बाभळींपाशी तुम्ही गाडी बाजूला घेतलीत, लोखंडी टॉमी काढलीत अन् टायर ठोकत बसलात. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मग काय, रोजच टायर! प्रवासीही उतरून लाथा मारून बघायचे. एक पाटील तर रोज नवा बिघाड शोधायचे. आम्हा बायकांची मात्र चैन झाली, चार-पाच जणी माझ्या मागोमाग बाभळीआड यायच्या.

मग कुणीतरी तक्रार केली, गाडी रोज उशिरा येते म्हणून. डेपोत विचारलं तर तुम्ही म्हणालात, "टायरवर भरवसा न्हाई साहेब." टायर तपासला, तो ठणठणीत. तुम्हाला देगलूरच्या फेरीवर घातलं. ऑगस्टअखेर निवृत्त होणाऱ्या माणसाच्या कागदावर शेरा आला: विनाकारण गाडी थांबवली. मी बाजूलाच तिकिटाचं मशीन धरून उभी होते. खरं कारण न सांगताच मशीन जमा करून घरी गेले. लाज वाटली, अण्णा. त्या दिवसाची अजून वाटते.

पुढच्याच आठवड्यात नांदेडला सोनोग्राफी केली. लघवीच्या पिशवीत लिंबाएवढी गाठ! माझ्या आईनं, सरजाबाईनं, अन्न सोडलं. पिशवीच काढतात म्हणे, मग कसली ड्युटी, असं मीही धरून चालले. लातूरच्या डॉक्टर ऋतुजा मॅडमनी कमरेखाली भूल देऊन दुर्बिणीनं पाहिलं, पडद्यावर मलाही दाखवलं. म्हणाल्या, "बघ, गाठीवरचं अस्तर कसं गुळगुळीत आहे. कॅन्सर बहुतेकदा या अस्तरातूनच वाढतो, ही गाठ खालच्या स्नायूतली दिसते. पण तुकडा तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही." रिपोर्ट येईतो आठ दिवस आम्ही मायलेकी एकमेकींना 'जेवलीस का' एवढंच विचारत होतो. अन् आला बाई रिपोर्ट! स्नायूची साधी गाठ, लिओमायोमा. पंधरा वर्षांत मॅडमनी ही दुसरीच पाहिली म्हणे. मग पोट उघडून तेवढी गाठ सोलून काढली, पिशवी शाबूत. अख्ख्या गाठीचा रिपोर्ट परवा आला, तोही साधाच. आईनं वॉर्डभर पेढे वाटले, साखरेच्या पेशंटलाही. सिस्टरनं चांगलंच झापलं तिला.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. तुम्ही नको म्हणाल म्हणून आधी केलं, अन् आता कळवते. त्या आठ दिवसांत, गाठ साधी की वाईट हे कळायच्या आधीच, मी डेपोत लेखी जबाब देऊन आले. सहीनिशी लिहिलं, गाडी विनाकारण थांबली नव्हती. कारण मी होते. मला लघवीला जावं लागायचं, अन् ड्रायव्हरनं एकदाही विचारून मला लाजवलं नाही. काल साहेबांचा फोन आला, शेरा रद्द झाला. कागद तुम्हाला मिळेलच. एक ऑगस्टपासून मी ड्युटीवर येते, अन् तुमच्या शेवटच्या महिन्याची मुखेड–लातूर फेरी दोघांच्या नावानं मागून घेतली आहे. या, अण्णा. आता थांबायचं असलं की मी सरळ बेल मारणार, अन् कुणी कारण विचारलं तर भर गाडीत सांगणार.

तुमचीच,
धम्मप्रिया