मुकादमापुढची बोली

लंडन, २ मार्च १९३७

ती. आजीस हेस्टरचा सा. न.

माझा पहिला बोलपट हातचा जाईल असं दिसतंय. आठ वर्षं रंगभूमीवर शेवटच्या बाकावरच्या माणसालाही माझे ओठ कळायचे, म्हणून तर टाळ्या मिळाल्या. इथे दिग्दर्शक लॉर्नसाहेब म्हणतात की चेहरा फार हलतो. पडद्यावर तो घराएवढा दिसतो. शुक्रवारी पुन्हा चित्रण आहे. स्टेशनवर नवऱ्याला निरोप द्यायचा, संवाद एकही नाही. तेही बिघडलं तर दुसरी नटी तयार बसली आहे. हा चेहरा मी तुम्हा गिरणीतल्या बायकांकडून उचलला, मग गाऱ्हाणं तुझ्याकडेच.

तुझी लाडकी,
हेस्टर

नेल्सन, ३ मार्च

चि. हेस्टर हिला पोटभर आशीर्वाद.

मी सांगते आणि शेजारच्या मिस पिलिंग लिहितात. त्या शिव्या गाळतात. वाक्य लंगडं वाटेल तिथे तू भर घाल.

तुझा साहेब खरं बोलतो, म्हणून तर जास्त राग येतो. मागांच्या खडखडाटात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा नाही, तेव्हा आम्ही तोंडं वेडीवाकडी करून बोलायचो. तू तेवढंच शिकलीस. पण मुकादम शेजारी येऊन उभा राहिला की काय करायचो? चेहरा दगडाचा, ओठ जेमतेम, बाकी सगळं डोळ्यांत. रात्री बायकोनं त्याला उपाशी ठेवलं, ही बातमी त्याच्या नाकासमोरून सहा माग पलीकडे ॲग्नेसपर्यंत जायची. त्याला वाटायचं, बायका धागा बघताहेत.

कॅमेरा म्हणजे मुकादम समज. त्याला कळू द्यायचं नाही आणि मला सांगायचं. त्या दुसरीला म्हणावं, बस निवांत, खुर्ची ऊबदार ठेव.

तुझी आजी,
टॅबिथा ऑग्डेन

लंडन, ६ मार्च

ती. आजीस सा. न.

काल तुलाच सांगितलं. लॉर्नसाहेब म्हणाले, "हेच हवं होतं." दुसरी नटी घरी गेली. मनात काय होतं असं त्यांनी तीनदा विचारलं; मी दाद दिली नाही.

हेस्टर

नेल्सन, १९ नोव्हेंबर

चि. हेस्टर हिला आशीर्वाद.

काल आम्ही चौदा जुन्या विणकरणी तुझा बोलपट बघून आलो. स्टेशन आलं, नवरा गाडीत चढला, आणि सगळं थिएटर रुमालात नाक शिंकरायला लागलं. आम्ही चौदाजणी मात्र हसून लोळत होतो. दारावरचा माणूस दोनदा दटावून गेला. पण काय करणार? घराएवढ्या तोंडानं, जेमतेम ओठ हलवत तू म्हणत होतीस की आजी, यानं कच्चा कांदा खाल्लाय, ही गाडी एकदाची सुटू दे.

ॲग्नेसनं सगळ्यांना शपथ घातलीय, बाहेर बोलायचं नाही. मिस पिलिंगना आत्ता लिहितानाच कळलं. लेखणी खाली ठेवून डोळे पुसताहेत.

सुरुवातीला तुझं नाव आलं म्हणे. मला ते कुठलं वाचता येतंय? पण पुढचं एकही अक्षर चुकलं नाही.

माया आहे तशीच राहू दे. नाताळला ये, आणि त्या नटाला आणणार असलीस तर आधी कळव.

तुझी आजी