रॉकेलची कॉफी

चिरंजीव ओनोफ्रे यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. मागितला नसलास तरी घे.

बाबा गेले तेव्हा घरात कॉफीचा दाणा नव्हता. ज्याने जन्मभर लोकांच्या मळ्यात कॉफी तोडली, त्याच्या प्रेताशी बसायला आलेल्यांना काय मक्याचं पाणी पाजायचं? म्हणून डबा घेऊन तुझ्याकडे आले. जगात मंदी आली, कॉफीला भाव उरला नाही, म्हणून सरकार पोतीच्या पोती विकत घेऊन जाळतंय आणि तू त्या ढिगांवर पहारेकरी. मी म्हटलं, "मूठभर दे रे, बाबांसाठी."

तू डबा भरलास. मग शिपायांदेखत त्यात रॉकेल ओतलंस. "घे, ताई. तुम्ही फुकट प्यायला लागलात, तर भाव कसा चढणार?" शिपाई हसले. तूही.

लोक मक्याचं पाणी पिऊन गेले. तुझ्या ढिगाचा धूर दारापर्यंत येत होता. शेजारीण म्हणाली, "वास तरी आला म्हाताऱ्याच्या नशिबी."

डबा मी फेकला नाही. दाणे वाळवले, भाजताना भुवया जाळून घेतल्या, दळून ठेवले.

रविवारी बाबांच्या सातव्या दिवसाची प्रार्थना आहे. तू तुझ्या साहेबांना घेऊन येणार आहेस म्हणे. जरूर ये. सगळ्यांना मक्याचं पाणी, तुला एकट्याला कॉफी. पहिल्याच घोटाला तुला कळेल. तरी पिशील, कारण बापाच्या नावाचा कप नाकारताना साहेबांनी पाहिलेलं तुला चालणार नाही. मी समोर उभी राहून दुसरा कप भरीन.

हे पत्र टपालात टाकत नाही. वाचलंस तर येणार नाहीस.

तुझी ताई,
जासिरा