मंगळम् झाल्यावर

मामा,

नाटकाच्या पहिल्या प्रयोगानंतरच्या रविवारी सकाळी मी देवापुढे दिवा लावला, पेटी काढली, दोन नामावळ्या म्हटल्या आणि शेवटचं मंगळम् न म्हणताच उठलो. तुम्ही गावच्या भजनमठात शिकवलेलं ते मंगळम् आदल्या संध्याकाळी मी अड्यारच्या नाट्यगृहात, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे वाजवून आलो होतो. देवापुढे बोटं चालेनात.

लेक नाटकात काम करते. नाटक लोभावरचं आहे. एकेक पात्र येऊन एकटंच बोलतं, बाजूला पेटी आणि मृदंग. "अप्पा, पेटी तुम्हीच वाजवा," ती म्हणाली, आणि मी आनंदानं हो म्हटलं. त्यातला बिल्डर पेरुंगुडीकडचं तळं बुजवतो आणि वर हात जोडतो, तेव्हा मंगळम् हवं, असं दिग्दर्शकानं ठरवलं. मी म्हटलं, मंगळम् झालं की पेटी मिटून उठायचं असतं. तो पोरगा म्हणाला, "सर, उठू नका, अजून तीन लोभी बाकी आहेत." सगळे हसले. मीही हसलो.

लहानपणी मंगळम् झाल्यावर मी चाळा म्हणून एक पट्टी दाबली होती. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या बोटांवर तळवा ठेवलात आणि म्हणालात, "देव निजलाय रे. आता कुणासाठी वाजवतोस?" तो तळवा मला प्रत्येक प्रयोगात जाणवतो. मी झोतात बसलेला असतो, पण उठता येत नाही, कारण लगेच लेकीचा प्रवेश, आणि तिला सूर मी द्यायचा असतो.

काल दुपारी तिला तुमचं ते देव निजल्याचं सांगितलं आणि म्हटलं, आज मी उठणार. "देवाला झोप लागत नसेल तर त्यालाही नाटकाला घेऊन या," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "खरंच उठणार?"

"हो."

संध्याकाळी मंगळम् वाजवलं, भाता मिटला, नमस्कार केला आणि आत गेलो. मृदंगवाला बघतच राहिला. लेक पुढे आली, जरा थांबली आणि नुसत्या आवाजात बोलू लागली. मी पडद्याआड उभा होतो. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. प्रयोगानंतर दिग्दर्शक धावत आला. "सर, काय उठलात! आता रोज असंच उठा." पेटीशिवाय तिचं जास्त चांगलं झालं, मामा, आणि ते ऐकताना मला थोडं लागलं. तिला अजून सांगितलेलं नाही.