गव्हाच्या घरी दिलेली रेणुका

कलबुर्गी

प्रिय मंजू,

हे फोनवरच सांगणार होते. तीनदा नंबर लावला आणि तिन्ही वेळा हैदराबादला ऊन किती आहे तेवढं विचारून ठेवून दिला. बोलताना माणसाला विषय बदलता येतो, कागदावर येत नाही, म्हणून लिहायलेय. तुझी शाळा कन्नडमधून झाली, मराठी वाचायला तुला वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच.

आधी माझी खुशाली. हात मोडला तो पाय घसरून मोडला, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं. कुकरचं झाकण उघडताना मनगट मोडलं. पन्नाशी गाठायच्या आत झाकणानं हाड मोडतंय म्हटल्यावर धनराज घाबरला आणि मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. लेकाला इथं नोकरी लागली म्हणून तीन वर्षांपूर्वी मी मादन हिप्परगा सोडून त्याच्याकडं आले, तेव्हापासूनच तब्येत उतरणीला लागली होती. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, जिना चढले की धाप लागायची. वय झालं म्हणून मी गप्प बसले. गावाकडं दोन्ही वेळा भाकरी होती. इथं धनराजच्या डब्यासाठी चपाती करायची, मग एकटीसाठी भाकरी कुठं थापत बसायची म्हणून मीही चपातीच खायला लागले होते.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं तुझ्याएवढ्या. त्यांनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला आणि मग समोर बसवून समजावलं. गव्हात, रव्यात, मैद्यात, जवात एक चिकट पदार्थ असतो, त्याला ग्लुटेन म्हणतात. कणीक ताणली जाते ती त्याच्यामुळं. ज्वारीत तो नसतो, म्हणून भाकरी थापावी लागते. काही जणांचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि त्याच्याशी भांडता भांडता आपलंच आतडं झिजवून घेतं. आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते, अन्नातलं सत्त्व तीच ओढून घेते. ती झडली की खाल्लेलं नुसतं पुढं जातं. रक्त होत नाही, हाडं ठिसूळ होतात, पायांना सूज येते. काही लोकांना गहू खाल्ल्यावर पोट दुखतं, डोकं जड होतं, पण आतडं शाबूत असतं. ते वेगळं. माझी लव पार सपाट झालेली होती. माणूस भरल्या ताटावर उपाशी राहतं, असं त्या म्हणाल्या. त्या पुढंही बोलत होत्या, पण मला ऐकू येईना. मला तुझ्या आईचे पाय दिसायला लागले होते.

तुझ्या आईचं, आमच्या रेणुकाआक्काचं सगळं तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. हळ्ळीखेडला आमच्या माहेरी वर्षभर ज्वारी, गहू सणापुरता. सण झाला की आक्का दुसऱ्या दिवशी हमखास अंथरुणात, आणि आमची आई, अव्वा, तिला रागवायची, पोळ्या हावऱ्यासारख्या खाल्ल्यास म्हणून. पुढं तिला नौबादला दिली. तुझ्या आजोबांचं किराणा दुकान, घरात सकाळ-संध्याकाळ चपाती, भाकरी फक्त हमालांना. लेक गव्हाच्या घरी पडली म्हणून अव्वा गावभर सांगत फिरली.

तुझ्या घरच्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. तुझी आजी मायाळू होती. आक्का वाळायला लागली तशी ती तिला तूप लावलेल्या चपात्या, रव्याचे लाडू समोर बसून खायला लावायची. तुझ्या बाळंतपणात तर रोज वाटी भरून हुग्गी, गव्हाची गोड खीर. एका डॉक्टरनं आतड्याचा टीबी असेल म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. मग कुणी लिंबू उतरवले, कुणी ताईत बांधला. आणि हळ्ळीखेडला आली की दोन महिन्यांत तिचे गाल भरायचे. भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, सगळं अंगी लागायचं. तुझे पप्पा न्यायला येत तेव्हा त्यांना धडधाकट बायको दिसायची. एकदा ते आमच्या अप्पांना म्हणाले, "तिकडं अंथरूण धरती आन हितं घागरी वाहती. मी काय समजावं, तुम्हीच सांगा." व्यंकटदाजींचंही काय चुकलं, मंजू? आम्हालासुद्धा तेच वाटत होतं.

तू पाचवीत असताना सुट्टीला माझ्याकडं आली होतीस. मी तुझ्या वेण्या घालत होते आणि तू विचारलंस, "मावशी, मम्मीला नौबाद आवडत नव्हतं, मग मीपण आवडत नव्हते का?" मी रिबीन बांधत राहिले. तेव्हा मला या आजाराचं काही माहीत नव्हतं, पण एक गोष्ट माहीत होती, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

तू चार वर्षांची होतीस. आक्का तुला घेऊन आली ती तीन महिने राहिली. त्याच वेळी माझं लग्न जुळवायचं चाललं होतं. मादन हिप्परग्याची माणसं बघून गेली आणि मध्यस्थ शिवय्यांच्या हाती निरोप आला, थोरली लेक घरी कामून बसलीय? मी दाराआडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रानात तुरीच्या शेंगा तोडत होतो. आक्का म्हणाली, "सोजर, मला परत धाडू नगा म्हणून तू अप्पास्नी सांग. माझं अंग तिथं टिकंना झालंय." अप्पा माझं ऐकायचे. मी सांगितलं असतं तर त्यांनी तिला ठेवून घेतलं असतं. मी तिच्याकडं न बघता म्हणाले, "तू हितं राहिलीस तर माझं जमायचं न्हाई, आक्का. आन तुला झालंय काय? चांगली तर हायस."

ती चिडली नाही. ओच्यातल्या शेंगा माझ्या टोपलीत ओतल्या आणि तुझं बोट धरून घरी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तुम्ही दोघी गेलात. मंजूला पप्पांची आठवण यायलीय, असं तिनं अप्पांना सांगितलं.

माझ्या लग्नात तिच्या पायांत चप्पल बसत नव्हती, एवढी सूज. तरी मला हळद तिनंच लावली. भाद्रपदात तिला ताप आला. अंगात रक्तच उरलं नव्हतं, चार दिवसांत गेली. मी पोचले तेव्हा तुझी आजी माझा दंड धरून म्हणाली, "सोजरा, मी हिला खायला घालायचं काय बाकी ठिवलं होतं?" त्या माउलीला खरं कधी कळलं नाही, बरंच झालं.

आता चार महिने मी ज्वारी-तांदळावर आहे. हिंगसुद्धा बदलला, त्यात गव्हाचं पीठ असतं म्हणे. रक्त अकराच्या वर गेलं, जिना चढता येतो. रोज जेवायला बसते आणि पहिला घास हातातच राहतो. एवढंच करायचं होतं गं. तिला घरी ठेवून घ्यायचं होतं आणि आमच्यातलीच भाकरी द्यायची होती.

मन हलकं करायला मी हे लिहिलं नाही, आणि तू मला माफ करावंस असंही म्हणत नाही. परवा तू दवाखान्यातून फोन केलास, दुसरं बाळही तिसऱ्या महिन्यात गेलं म्हणून. वर्षभर लोहाच्या गोळ्या खाऊन रक्त सातच्या वर जात नाही म्हणालीस. जावई प्रशांतकुमार स्वतः उठून रोज गव्हाची लापशी करून देतात, हेही कौतुकानं सांगितलंस. मी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं. या आजारात बाळं अशीही जातात, आणि तो रक्ताच्या नात्यात उतरतो. मंजू, लगेच जाऊन या आजाराची रक्ततपासणी मागून घे, नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय, ती सोबत ठेवलीय. तोवर गहू सोडू नकोस, आधीच सोडला तर तपासणीत नीट सापडत नाही, असं त्यांनी बजावलंय. आजार निघाला तर घाबरू नकोस, पथ्यानं माणूस सावरतं, मी सावरलेय. तुझे डॉक्टर विचारतील, घरात कुणाला होता का. मावशीला आहे म्हण. आईलाही होता म्हण. खात्री करायला ती राहिली नाही, तरी म्हण. तुझ्या आईला आजार होता, हे तिच्या बाजूनं आजवर कुणीच बोललेलं नाही.

तुझीच, आणि तिची धाकटी,
सोजर मावशी