मागल्या पट्टीतील तुतीविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, पूर्वीची बालवाडी शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी गेल्यावर "शेवटी शेवटी तिचं डोकं चालत नव्हतं" असे कोण म्हणेल हे मला आजच ठाऊक आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सर्व काही धाकट्या भावाच्या नावे होते. त्याचे पाकीट गेल्या महिन्यात कपाटात मी ठेवले त्याहून वेगळ्या घडीत सापडले. कोणी उघडले ते माहीत नाही. अंदाज आहे.

१. तळमजल्यावरील दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. घरामागे कुंपणभिंतीपर्यंत सहा फूट रुंद व बावीस फूट लांब मोकळी पट्टी आहे. ती खरेदीखतात घराबरोबरच नोंदलेली आहे. खरेदीखताच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. कुठे, ते फक्त वकिलांना सांगितले आहे.

या पट्टीची हकिगत लिहिल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

आमची बालवाडी एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरे. खाली रस्ता, समोर भिंत. एकदा मी सहा मुलांना माझ्या घरामागे आणले. तीन वर्षांची एक मुलगी दारातच थांबली. म्हणाली, "बाई, इथली जमीन सांडलीय. पुसा ना." तिने ओली माती कधी पाहिलीच नव्हती. त्या दिवसापासून एकवीस वर्षे मी रोज सकाळी सहा-सहा मुले तिथे नेली. पाण्याच्या पाइपाखाली शेवाळ होते, भिंतीच्या भेगेत मुंग्या, कुंडीखाली गोगलगायी आणि कोपऱ्यात एक तुती. नियम एकच: हलायचे नाही, ओरडायचे नाही, आधी पोटभर बघायचे. मुले मला मुंगीबाई म्हणू लागली. मोठी माणसेही पाठीमागे तेच म्हणतात. मला ऐकू येते.

२. बारा भिंगे, खुरपी, काचेच्या बरण्या, गोगलगायींच्या नोंदींची वही: हे सर्व बालवाडीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या मदतनीसबाईंना द्यावे. येथे मला एक कबुली द्यायची आहे. बारा भिंगांची सात झाली तेव्हा माझा संशय त्यांच्यावर गेला. एके दिवशी त्या हात धुवायला गेल्या असता मी त्यांची पिशवी उघडून पाहिली. त्या दारात उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून निघताना पिशवी माझ्यासमोर स्वतःच उलटी करून दाखवू लागल्या, आणि मी ती बघत राहिले, दोन महिने. पुढे वाफा खणताना पाचही भिंगे ओळीने पुरलेली सापडली. मुलांनी ती पेरली होती. "भिंगाचं झाड येणार होतं," त्यांनी सांगितले. "तुम्ही का उकरलंत?" मदतनीसबाई पोट धरून हसल्या. मी हसू शकले नाही. माफीही मागितली नाही. ती येथे मागते.

३. नऊ वर्षांपूर्वी तुती सुकू लागली. भर मोसमात पाने पिवळी पडून गळाली. मुले रोज विचारत, "बाई, झाडाला ताप आलाय का?" मी बुंधा तपासला, तर गुडघ्याएवढ्या उंचीवर तीन भोके होती. सरळ, गोल, ड्रिलने पाडलेली. आत कापसाचे बोळे आणि औषधाचा उग्र वास.

इमारतीच्या सेक्रेटरींना त्या पट्टीत स्कूटर लावायच्या होत्या हे सर्वश्रुत आहे. भरसभेत मी उठले आणि त्यांना झाडाचा खुनी म्हटले. ते पांढरेफटक पडले. म्हणाले, "बाई, मी भांडखोर असेन, पण असला नाही." त्यांचा नातू माझ्याकडे येत असे, तो दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला.

त्यानंतर चार दिवसांनी वरच्या मजल्यावरची साडेचार वर्षांची मुलगी, जिला आम्ही खारूताई म्हणायचो, माझ्या पदराशी आली.

"बाई, तुमच्या चष्मेवाल्या भावाने झाडाला सुई टोचली."

"कधी?"

"तुम्ही दवाखान्यात गेला होतात तेव्हा. आधी घुर्रर्र केलं, मग बाटलीतलं पाणी घातलं. मी गॅलरीतून सगळं बघितलं."

"अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणता ना, लगेच ओरडायचं नाही. आधी पोटभर बघायचं."

साऱ्या इमारतीवर संशय घेतला होता. घराची किल्ली फक्त एकाजवळ होती, त्याच्यावर नाही.

झाड वाचले, पण अर्धेच. पुढच्या वर्षी बुडातून फुटवा आला. तो पहिल्यांदा मुलांनी पाहिला, मी नाही. भोकांचे काय ते मी त्यांना खरे सांगितले: एका माणसाने झाडाला दुखवले. कोणी, ते खारूताईने आजवर कोणाला सांगितलेले नाही.

सेक्रेटरींची मी या कलमान्वये जाहीर माफी मागते. हे कलम सभेत मोठ्याने वाचावे. स्कूटरच्या बाबतीत मात्र माझा त्यांच्यावरील संशय कायम आहे.

४. घर व पट्टी मदतनीसबाईंना द्यावी. त्यांनी तेथे राहावे आणि रोज सकाळी मागचे दार मुलांसाठी उघडावे. पट्टीत फरशी, सिमेंट वा वाहन येऊ देऊ नये. हे त्यांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, मला नको घर. तुमचे भाऊ मला कोर्टात खेचतील." मी म्हटले, "म्हणून तर एवढं लिहितेय." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही माझी पिशवी बघितली म्हणून देताय का?" मी म्हटले, "नाही. त्यानंतरही तुम्ही येत राहिलात म्हणून." हे खरे आहे की नाही, हे मी स्वतःलाही पुन्हापुन्हा विचारले आहे. खरे आहे.

५. भावाविषयी.

मी त्याला विचारले होते. त्याने नाकारले नाही. चष्मा काढून पुसत राहिला. म्हणाला, "ताई, आदल्या वर्षी त्या झाडाखाली तू पडलीस. कंबर मोडून दोन तास चिखलात होतीस. झाड गेलं तर तू तिथे जाणार नाहीस, माझ्याकडे राहायला येशील, असं वाटलं."

"आणि घर?" मी विचारले.

"घराचं बघितलं असतं मग," तो म्हणाला.

त्या 'मग' वर मी नऊ वर्षे विचार करते आहे. तो दर रविवारी येतो, माझी औषधे आणतो, नखे कापून देतो. मी औषधांची प्रत्येक पट्टी फुटलेली नाही ना ते बघून घेते. तोही मी बघेपर्यंत थांबतो. त्याला माझी काळजी होती की जागेची हाव, मला ठरवता आलेले नाही. दोन्ही एकाच माणसात मावत असतील.

हाव असेल, म्हणून त्याला घर देत नाही. पण मी गेल्यावर पहिला निरोप त्यालाच द्यावा. माझ्या देहाचे काय करायचे, कसे, कुठे, ते त्यानेच ठरवावे, आणि इतर कोणी मध्ये बोलू नये. मला हात लावायचा हक्क दुसऱ्या कोणाला असावा असे मला वाटत नाही.

हे सर्व मी कोणाच्या दबावाशिवाय, उजेडात, दोनदा वाचून लिहिले आहे. साक्षीदारांना यातून काहीही मिळणार नाही. म्हणूनच त्यांना निवडले.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२३, सकाळी अकरा

सही: (मुंगीबाई म्हणून ओळखली जाणारी)

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा दवाखाना. सही केली.
साक्षीदार २: शिंपीदादा, समोरचे दुकान. चष्मा विसरले होते, तो आणवून, प्रत्येक पान वाचून मगच सही केली. मीच तसा आग्रह धरला. पाचवे कलम त्यांनी दोनदा वाचले.